व्याह्यांची करंगळी

सातारा-सांगलीत जुन्या लष्करी गाड्या पाळणारे जेवढे खुळे आहेत, त्या सगळ्यांचा देव एकच : आमच्या पलूसच्या व्याह्यांची उजवी करंगळी. मी चौथीतनं शाळा सोडली, पण खोटं लिहायला शिकलो नाही. व्याही फौजेत मिस्त्री होते. फटफटीचा असो का जीपचा, कुठलाही गंजका पार्ट पुढं ठेवा, त्यावरचा नंबर ते बघायचेच नाहीत. "नंबर कुनीबी ठोकतंय, भोक खोटं बोलत न्हाई," असं म्हणून डोळे मिटायचे, बोट घालायचे आणि गाडीची कुळी सांगायचे. सोयरीक जुळवायला तासगावाकडं आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मुलाला काही विचारायच्या आधी अंगणातल्या माझ्या जीपच्या सायलेन्सरमध्ये बोट घातलं आणि चारचौघांत म्हणाले, "सायलेन्सर दुसऱ्या गाडीचा हाय. पोरगं तरी तुमचंच हाय न्हवं?" लग्न झालं, पण मी तो सायलेन्सर कधी कबूल केला नाही.

गेल्या साली आमची दोघांची नात फौजेचं ट्रेनिंग संपवून येणार होती. तिची मिरवणूक माझ्याच जीपमधनं, देवळाच्या उतारावरनं निघायची ठरली. आदल्या दिवशी मागच्या चाकाचा ब्रेक निकामी झाला. मी सांगलीच्या भंगारातनं ब्रेकचा जुना सिलेंडर हुडकून आणला. व्याह्यांनी करंगळी लावली. ती तोंडाशीच अडली.

"आपल्या गाडीचा न्हाई ह्यो. फेका."

"आवं पाव्हणं, मी आमच्या जुन्याच्या जोडीला लावून बघून आणलाय!"

"तुमी डोळ्यानं बघितलंय. उद्या उतारावर गाडी सुटली मंजी? नात बसनार हाय त्यात!"

माझं डोकं फिरलं. चाकातनं काढलेला आमचा मूळचा सिलेंडर त्यांच्या पुढ्यात आपटला. "मग ह्यात घाला बोट!"

त्यांनी घातलं. तिथंही अडलं. दाबलं, फिरवलं, कपाळाला घाम आला. तेव्हा कुठं मला त्यांच्या बोटांचे सांधे दिसले, वातानं सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे झालेले. माप भोकाचं नव्हे, बोटाचं चुकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हरवलं होतं, आणि मी तो सिलेंडर हळूच त्यांच्या हातातनं काढून घेतला.

"आमच्याला आतनं गंज चढलाय," मी म्हणालो. "तोंड आवळलंय त्याचं."

तोवर आमची सूनबाई, म्हणजे त्यांची लेक, ओले हात पदराला पुसत आली. "आबा, मला सांगा कसं बघायचं त्ये."

"अंगठ्याशेजारचं बोट घाल, पोरी. डोळं मिट. दोन्हीत सारखंच अडतंय का सांग." व्याह्यांनी दोन्ही सिलेंडर तिच्यापुढं सरकवले.

तिनं दोन्हीत तीन-तीनदा बोट घातलं. "सारखंच, आबा. केसाचाबी फरक न्हाई."

"मग बसवा."

दुसऱ्या दिवशी उतारावर मी ब्रेक दाबला तेव्हा मागं नात हसत हात हलवत होती आणि शेजारी व्याही डोळे मिटून बसले होते. गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी श्वास सोडला.

आता कुणी पार्ट घेऊन आलं, की त्यांचा माझ्या सुनेला फोन येतो, "पोरी, बोट घिऊन ये." त्या मिरवणुकीच्या संध्याकाळी निघताना मात्र ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या सिलेंडरला गंज नव्हता."

"हुता," मी म्हणालो. "आन त्यो सायलेन्सर दुसऱ्या गाडीचाच हुता."

ते नुसती करंगळी चोळत उभे राहिले.