सासऱ्यासमोर घेतलेला श्वास

"पुन्हा तेच!" मोठ्या डॉक्टरांनी मी काढलेली एक्स-रेची ओली फिल्म माझ्याकडे ढकलली. "आधी बरगड्या मोजा, बाई. मग रोग शोधा."

मोजल्या. सातच्या पुढे जाईनात. रोग्याने श्वास भरून धरला, तर छातीच्या फिल्मवर नऊ-दहा दिसतात. फुप्फुसात हवा असते, हवा काळी येते. श्वास अर्धवट असला की फुप्फुस आवळलेलं राहतं, खाली पांढुरकं दिसतं, हृदयही उगाच मोठं वाटतं. अशा फिल्मवरून धडधाकट माणसालाही क्षयी ठरवता येतं. लढाईचे दिवस, फिल्मची मारामार, आणि माझ्या दोन वाया गेलेल्या!

रोगी म्हणजे गोदा, लकडगंजमधल्या एका लाकूड व्यापाऱ्याची सून. खोकला हटत नव्हता म्हणून सासरे घेऊन आले होते. बाहेर बैलांची दमणी उभी, तिच्यात गोदाची पेटी भरूनच आणलेली. क्षय निघाला की इथूनच उमरेडला, माहेरी. मग परत कोण आणतं! हे तिलाही ठाऊक होतं.

"मोठा श्वास घे, गोदा. धर!" मी घसा फोडत होते. ती पदर ओढून चिमणीएवढा श्वास घ्यायची. दारात सासरे खांबासारखे उभे.

"शेटजी, बाहेर बसा."

"काहून? सून आमची हाय. मी पाहून राहिलो न!"

कपाळ माझं! सासऱ्यासमोर छाती फुगवून कोणती सून उभी राहील?

"राहा मग. पण हे किरण फार लागले तर केस झडतात. मिशी गेली तर मले बोलू नका."

शेटजी मिशीवर हात ठेवून बाहेर पळाले.

तरी गोदाचा श्वास काही वाढेना. आता रडावं की हसावं!

"काहून वं, घरी चूल कोण फुंकते?"

"मीच."

"लाकडं वाळली असतात न?"

"वाळली इकतात. ओली घरी."

घ्या! वखार घरची आणि सुनेच्या नशिबी धूर.

"फुंकाच्या आधी घेतेस न, तसा श्वास घे. हां, धर!"

तिसऱ्या फिल्मवर दहा बरगड्या. फुप्फुसं स्वच्छ काळी, हृदय बेताचं. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "क्षय नाही. सही करतो."

शेटजींना मी बाहेर गाठलं. "धुराचा खोकला आहे. घरी वाळली लाकडं द्या."

"अन् हे पेटी?"

"आली तशी परत न्या."

गोदा त्याच पेटीवर बसून सासरी गेली.

अजूनही फिल्म आली की मी आधी बरगड्या मोजते. कमी भरल्या, तर रोग्याचं नाव नंतर. खोलीत कोण उभं होतं, ते पहिलं विचारते.