आईच्या लुगड्याचं भिरभिरं

"बाय, ह्यो भिरभिरा फिरायचा नाय," काशी म्हणाली आणि मी मशीनवरून उठून टेबलाशी धावले.

बोईसर स्टेशनजवळ माझं शिवणाचं दुकान होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललेलं, रोज नवी बिऱ्हाडं येत होती, मला मान वर करायला फुरसत नव्हती. चिंचणीची काशी माझ्याकडे काज-बटणं करायची. समोर उभी होती कुमुद, साताऱ्याहून आलेली. तिचा भाऊ साइटवर फिटर. त्याला मुलगी झालेली, दुसऱ्या दिवशी बारसं, आणि कुमुद आत्या! आत्याचं दुपटं पाळण्यात पडायला नको?

दुपट्याच्या मधोमध तिला भिरभिरं हवं होतं. जत्रेत मिळतं तसं, चार पात्यांचं, पण कापडाचे तुकडे जोडून. आणि कापड तिच्या आईच्या लुगड्याचंच. आई नातीचं तोंड न बघताच गेली होती. "आई न्हाई तर आईचं लुगडं तरी पाळण्यात असू दे, बाई," हे तिचं सकाळपासून चाललं होतं.

माझा वेळ वाचावा म्हणून पाती तिनं घरीच कापून आणली. तिथंच घोळ झाला. सदऱ्याच्या बाह्या कापताना कापड दुहेरी घालतात. एका कापात एक डावी बाही निघते, एक उजवी. कुमुदनंही तसंच केलं. पण भिरभिऱ्याच्या पात्यांना एका बाजूला लांब टोक असतं, आणि चारही एकाच बाजूची लागतात. इथं दोन डावीकडे पळत होती, दोन उजवीकडे.

"आणखी तुकडा दे. दोन नवी कापते."

"कुठनं आणू? एवढंच धड होतं. बाकीचं हात लावला की फाटतंय." तिचा चेहरा रडवेला झाला. "माझी मेलीची घाई!"

"दोन पाती छिटाची लावू?"

"मग त्यात आई अर्धीच की वो!"



माझे हात रोज छिटावर चालायचे. छिटाला एकाच अंगाला छपाई असते, उलटं अंग आत दडवायचं. ते डोक्यात इतकं बसलेलं की समोरचं दिसेना. चडफडत एक पातं उचललं, बोटांत फिरवलं आणि किंचाळलेच.

"अगं काशे, हे हातमागाचं! आधी सूत रंगवलंय, मग विणलंय. ह्याला उलट-सुलट नाहीच!"

दोन पाती फटकन पालथी घातली. टोकं जुळली! चारही एकाच दिशेनं पळायला लागली. पण रंग? वरचं अंग ऊन खाऊन विटकरी झालेलं, आतलं गडद डाळिंबी. दोन पाती फिकी, दोन लालबुंद. झालं! मी कपाळावर हात मारला.

कुमुद टेबलावर वाकली. गडद पात्यावर बोट ठेवलं. मग एकदम ओरडली, "हाच रंग! आईनं हे नवं नेसलं तवा मी परकरात होते. हाच रंग, बाई! मी इसरूनच गेले होते!"

डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. काशीनंही पदर डोळ्यांना लावला. "आता फिरतंय बघ," ती म्हणाली. खरंच, एक फिकं एक गडद, अशी ती पाती गरगरल्यासारखी दिसत होती.

मग काय, माझ्या अंगात वारंच शिरलं. तिरक्या कापाची कड ताणली जाते, म्हणून खाली मलमल घेऊन आधी कच्चे टाके घातले, मग मशीन मारली. दिवेलागणीला दुपटं तयार!

बारशाला मीही गेले. कुमुदनं भाचीच्या कानात नाव सांगितलं, आईचंच. भाचीनं तिथल्या तिथं दुपटं ओलं केलं. बायका खो-खो हसल्या.

"आता धुवावं लागणार. रंग जाईल हो!" कुणीतरी हळहळलं.

"जाऊ दे की," कुमुद म्हणाली, "आतल्या अंगाला हाय अजून."

तेव्हा भिरभिरं करायचं तर कापड एकेरी कापा, एवढंच माझं सांगणं. आणि दुहेरी कापलंतच, तर रडण्याआधी एकदा पालथं घालून बघा.