बांगड्यांखालचा रंग

"चार महिने पोरीले उन्हाची तिरीप लागू देल्ली नाही, अन् आता म्हणतेस बगिच्यात पाठवा? आणखी काळी करायची का तिले?"

"हो. पण हातभर बांगड्या घालून पाठवा."

बोलणारे माझे आजोबा चंपतराव आणि आजी रुख्मिणीबाई. भांडण त्यांच्या सावळ्या लेकीवरून, म्हणजे माझ्या गोपिकाआत्यावरून. आत्या तिथेच बसून संत्रं सोलत होती. पुढे ती आम्हाला हे भांडण करून दाखवायची. आजोबांसाठी मान ताठ, आजीसाठी पदर कमरेला. सक्करदऱ्याचं ते घर मला अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं.

आजीचं ठाम मत होतं की लेकीचा रंग संत्र्याच्या बगिच्यातल्या उन्हाचा आहे, घरात ठेवली की उतरेल. म्हणून दसऱ्यापासून आत्याला उंबऱ्याआत ठेवलं. रोज मसुरीचं पीठ, साय, वाळवलेल्या सालींची पूड. बाहेरून तोडणीच्या बायांचं हसणं यायचं आणि आत्या खिडकीशी उभी राहून कोणत्या झाडाखाली कोण आहे ते ओळखायची.

होळीच्या आधी पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं आत्याचा हात मांडीवर घेतला आणि बांगड्या हळूच वर सरकवल्या. त्या काळी बाया असंच पाहत. बांगड्यांखाली ऊन लागत नाही, तिथे उजळ पट्टा दिसला तर बाकीचा रंग उन्हाचा, चार दिवसांत जाणारा. आत्याच्या हाताला पट्टाच नव्हता. उन्हाचा होता तेवढा रंग घरात बसून उतरला होता. राहिला तो आजोबांच्या आईचा, जन्माचा. मावशीनं बांगड्या खाली घेतल्या आणि चहा न पिता उठली.

चैत्रात धरमपेठेतले दुसरे लोक येणार होते. तोवर मनगटावर पट्टा पडायला हवा, हा आजीचा नवा हिशेब. आजोबा तिला हसत होते, पण पाहुण्यांना नको म्हणायला तेही तयार नव्हते.

त्यानंतर आत्या कधीच पाहुण्यांपुढे पाटावर बसली नाही. काही वर्षांनी कलमं न्यायला आलेल्या आणि पुढे आत्याचा नवरा झालेल्या देवरावमामांनी तिला भर दुपारी झाडांना पाणी सोडताना पाहिलं, तेवढंच काय ते पाहणं. पण भांडणाच्या त्या सकाळी हे कोणाला ठाऊक होतं?

आत्यानं फक्त एकदा तोंड उघडलं.

"बाबा, माह्या आजीले, तुमच्या आईले, कोणी घरात कोंडलं होतं का गा?"

आजोबांचं हसू गेलं. आजीच मग मऊ आवाजात म्हणाली, "तुझ्याच भल्याचं सांगून राहिली वं मी. चैत्रात बसशील ना पाटावर?"

आत्यानं मांडीवरच्या साली झटकल्या, वहाणा पायात सरकवल्या आणि हातभर बांगड्या न चढवताच बगिच्याच्या वाटेनं चालू लागली.