दोघांच्या वजनाची हवा

व्हर्ना केसलरच्या गॅरेजात येणारा दर तिसरा पुरुष तिच्या खांद्यावरून आत डोकावतो आणि विचारतो, "मेकॅनिक कुठंय?" पस्तीस वर्षं तिचं उत्तर ठरलेलं आहे. "खाल्लं त्याला. तुझं काय काम?"

अमेरिकेतल्या ब्लॅक हिल्स डोंगरांच्या पूर्वेकडच्या त्या गव्हाच्या मुलखात ती वडिलांच्या हाताखाली ट्रॅक्टर खोलायला शिकली. मोटरसायकली नंतर आल्या. दर ऑगस्टला भरणाऱ्या मोटरसायकलींच्या मेळ्याआधी पोटं सुटलेले, दाढ्या पिकलेले गडी आपापली धुडं घेऊन तिच्या दारात रांग लावतात. सगळ्यांचं मागणं एकच: उभी केली की गाडी जमिनीला टेकली पाहिजे. ती चालते कशी, याची चौकशी एकही शहाणा करत नाही. व्हर्नाला या जमातीची मनापासून चीड येते.

गेलन होफर त्यातलाच, शाळेपासूनच्या ओळखीचा. निवृत्त झाल्यापासून चर्चनंतरच्या कॉफीवर बढाया मारणं एवढाच त्याचा उद्योग. जूनमध्ये तो बायकोला घेऊन आला. आर्डिसच्या मणक्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं. लग्नापासून एकही मेळा न चुकवलेल्या त्या बाईनं दोन ऑगस्ट खिडकीशी बसून काढले होते. आता डॉक्टर म्हणाले होते, बस मागे, पण दणका बसता कामा नये. म्हणून हवेचे शॉकअप: हवा भरली की गाडी उचलून धरतात, सोडली की ती जमिनीला बसते.

"तिच्यासाठीच करतोय हं," गेलन म्हणाला. हे त्यानं अख्ख्या गावाला सांगून झालं होतं.

"वजन सांग. दोघांचं."

"माझं दोनशे दहा पौंड."

व्हर्नानं कोपऱ्यातला धान्याचा काटा पुढे ओढला. "चढ."

"अगं, विश्वास नाही होय माझ्यावर?"

"तुझ्या विश्वासावर हवा भरली तर तुझी बायको रस्त्याला घासेल. चढ म्हणते ना."

काटा दोनशे अठ्ठावन्नवर थांबला. "बूट जड आहेत," गेलन पुटपुटला. आर्डिस कुणी न सांगता चढली, आकडा मोठ्यानं वाचला आणि उतरली.

काम दोन दिवस चाललं. हवेची नळी व्हर्नानं धारदार पात्यानं काटकोनात कापली. घाईवाले ती पकडीनं तोडतात, टोक तिरकं होतं आणि मग तिथून हवा गळत राहते. प्रत्येक जोडावर तिनं साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा आला नाही. कॉम्प्रेसर डिकीच्या मागे बसला, बटण डाव्या अंगठ्याशी. दोघं बसल्यावर किती हवा लागते तो आकडा पट्टीवर लिहून तिनं पेट्रोलच्या टाकीला चिकटवला.

"खाली सोडायची तर गाडी थांबल्यावर, आर्डिस उतरल्यावर. निघताना आधी हवा, मग गिअर. आणि महिन्यातून एकदा कॉम्प्रेसरमध्ये साठलेलं पाणी काढत जा, नाहीतर थंडीत गोठेल."

"हो गं बाई, गाढव नाहीये मी."

याबाबत व्हर्नाचं मत वेगळं होतं, पण ते तिनं पोटातच ठेवलं.

रेल्वे फाटकावरून एक फेरी मारून दोघं परतले. आर्डिस उतरली आणि तिनं व्हर्नाचा हात दोन्ही हातांत धरला. "काही म्हणजे काही लागलं नाही गं. यंदा मी जाणार." तिचे डोळे भरून आले होते. व्हर्नाला असल्या प्रसंगांची सवय नाही. "ग्रीस लागेल हाताला," एवढंच ती म्हणाली, पण तो सबंध दिवस तिचा आनंदात गेला.

मेळ्यात रीत अशी, की मुख्य रस्त्याच्या कडेला यायचं, थांबायचं आणि सगळी हवा एकदम सोडायची. फुस्स करून गाडी बसते, लोक शिट्ट्या मारतात. गेलनला कडेपर्यंत दम निघाला नाही. सरपटत येणारी गाडी जास्त रुबाबदार दिसते म्हणून त्यानं पाव मैल आधीच बटण दाबलं. पुढे पाइपसाठी खणून अर्धवट बुजवलेला चर होता. मागचं चाक त्यात आदळलं, आणि मध्ये हवा नव्हती, त्यामुळे सगळा दणका आर्डिसच्या पाठीनं खाल्ला.

सोमवारी गेलन गाडी पिकअपमध्ये घालून आला. पुढच्या सीटवर आर्डिस पाठ टेकून आडवी होती.

"तुझं काम कच्चं निघालं," तो आत येऊन म्हणाला. "हवा गळाली."

नाचता येईना अंगण वाकडं. व्हर्नानं गाडी उतरवून घेतली, हवा भरली आणि घड्याळाकडे बोट दाखवून त्याला तासभर स्टुलावर बसवून ठेवलं. हवेच्या दाबाचा काटा जागचा हलला नाही.

"गळत नाहीये. तुझ्या अंगठ्यानं गेली ती."

गेलननं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "व्हर्ना, तेवढं तिला सांग, नळी निसटली म्हणून. मशीनची चूक म्हटलं तर ती परत बसेल. माझी म्हटलं तर नाही बसणार गं."

तो खरंच घाबरला होता. एका खोट्यानं आर्डिसला तिचा ऑगस्ट परत मिळेल, असं क्षणभर व्हर्नाच्याही मनात आलं. मग तिला पुढचा ऑगस्ट दिसला: तोच रस्ता, तीच गर्दी आणि हाच अंगठा.

"मी नाही सांगणार. तू जा, खरं बोल. खरं बोललास तर बसेलही."

गेलन पिकअपच्या खिडकीशी गेला. व्हर्ना दारात उभी होती.

"आर्डिस," तो म्हणाला, "व्हर्ना म्हणतेय, नळी निसटली होती."

आर्डिसनं मान त्याच्याकडे वळवली. "हवा सोडल्याचा आवाज मी ऐकला, गेलन. मागेच तर बसले होते. तीन दिवस वाट बघतेय, तू आपल्या तोंडानं सांगशील म्हणून."

"अगं, तिथं सगळेच तसं..."

"व्हर्ना," आर्डिसनं त्याच्या खांद्यावरून हाक मारली. "हे हवेचे शॉकअप काढून टाक. त्याचे जुनेच बसव. एका माणसाला पुरतात ते."