आजाराचा रकाना

"मावशी, तुमच्या मुलीला फिट येते?"

पोळी तव्यावर होती. मॅडमच्या हातात मोबाइल. धायरीतल्या या घरी मी रोज सकाळी पोळ्या करते. त्यांचा मुलगा माझ्या लेकीच्याच वर्गात, सहावीत. तो फी भरून शिकतो, ती आरटीईच्या मोफत जागेवर.

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"अहो, पालकांच्या ग्रुपवर आलीय सगळी यादी." आणि त्या वाचायलाच लागल्या. नाव. जात. प्रवेश, मोफत. आईचं काम, पोळ्या. आजार, फिट. पेपरातली बातमी वाचावी तसं, मोठ्यानं. मग म्हणाल्या, "तुम्ही कधी बोलला नाहीत. आमचा मुलगा तिच्या शेजारी बसतो हो."

पोळी करपली. ती बाजूला ठेवून मी दुसरी लाटली. चार घरी कामं करणारीनं तोंड उघडायचं नसतं, हे मी आईकडे बघून शिकले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

आजाराचा रकाना मीच भरला होता. जूनमध्ये फॉर्म आला तेव्हा लेक म्हणत होती, "आई, लिहू नको ना." पण टीचर म्हणाल्या, "लिहा. वर्गात काही झालं तर आम्हाला कळायला हवं. माझ्यापाशीच राहील." कळायला हवं, हे खोटं नव्हतं. पोरगी वर्गात पडली आणि कोणाला काही ठाऊकच नसलं तर? मी विश्वासानं लिहिलं. गोळीचं नाव, वेळ, सगळं. टीचरनी सगळ्या वर्गाची माहिती एका फाइलमध्ये भरली आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची ती पालकांच्या ग्रुपवर टाकली.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत एका मुलानं पायातला बूट काढून लेकीच्या नाकाशी धरला. फिट आली की चप्पल हुंगवतात ना, म्हणून. तिला फिट आलीच नव्हती. ती डबा खात होती. वर्ग हसला.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. लेक गणवेश घालून दारात बसली होती, उठेचना. खूप विचारल्यावर बुटाचं सांगितलं. मग म्हणाली, "तू लिहिलंस."

शाळेत गेले. मुख्याध्यापिका खुर्चीत, मी उभी.

"अहो, चुकून गेलं. डिलीट केलंय. विषय संपला."

"पण लोकांनी उतरवून घेतलंय."

"मग आता प्रत्येकाचा मोबाइल तपासत फिरू का मी?" वर म्हणाल्या, "मुलगी फुकट शिकतेय ना? शिकू द्या. कशाला वाढवता?"

फुकट! ती जागा कायद्यानं मिळालेली, कोणाच्या घरून नव्हे. पण हे मला तिथे सुचलं नाही. रस्त्यावर आल्यावर सुचलं. पोळ्यांच्या घरच्या मॅडमना म्हटलं, मोबाइलमधली ती फाइल काढून टाका. "हो हो, काढते," म्हणाल्या. काढली की नाही, मला कसं कळणार? बोललेलं माणूस विसरतं तरी. हे कोण विसरणार?

दिवाळीनंतर नवा फॉर्म आला, शाळेच्या कुठल्याशा ॲपसाठी. पुन्हा तेच रकाने. खाली छापलेलं, ही माहिती वापरायला आमची संमती आहे. खरं लिहावं तर पुन्हा बूट. खोटं लिहावं तर पोरीच्या जिवाशी खेळ. इकडे आड, तिकडे विहीर. या वेळी मी आधी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "फक्त टीचरना सांग. तोंडी."

तसंच केलं. टीचरना भेटून फिट आली तर काय करायचं ते सांगितलं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, बूट तर नाहीच. त्या खाली बघत होत्या. मग फॉर्म घेऊन ऑफिसात गेले. आजाराच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'ही माहिती कोण बघणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार, ते आधी लेखी द्या.'

"असं लिहिता येत नाही, मावशी," क्लार्क म्हणाला.

"लिहिलंय."

"सही कुठाय?"

"नाही करणार."

तो हसला आणि त्यानं फॉर्म परत सरकवला.

लेक शाळेत जाते. डबा एकटीच खाते. ते मला थांबवता आलेलं नाही. ती यादी किती मोबाइलांत पडून आहे, मला कधीच कळणार नाही. उद्या तिचं लग्न ठरवताना कोणीतरी ती काढून बघेल. शिक्षण खात्यात अर्ज दिलाय, पोच घेतलीय. उत्तर नाही. शाळेतून दोनदा फोन आला, सही करा, नाहीतर पुढच्या वर्षीचं बघू.

बघा. लेखी मिळेपर्यंत सही नाही. पोरीचं नाव शाळेतून काढतो म्हणालात, तर तेही शिक्क्यासकट लेखीच मागणार आहे.