नकाशात नसलेला पब

२०१३ साली आम्ही मरीन परेडला एका भाड्याच्या एचडीबी, म्हणजे सरकारने बांधलेल्या, फ्लॅटमध्ये राहायला आलो. नवरा चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात, आणि मी त्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर, म्हणजे घरी. त्याआधी पुण्यात नऊ वर्षं मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होते. जुन्या इमारतींची मोजमापं घ्यायची आणि नकाशे काढायचे, हे माझं काम. इथे मुलगी शाळेच्या बसमध्ये चढली की अख्खा दिवस मला खायला उठायचा.

आमच्याच मजल्यावर दोन दारं सोडून एक म्हातारं जोडपं राहायचं. त्यातले गृहस्थ इंग्रज, ऐंशीच्या घरातले. बायको इथलीच, चिनी. सगळ्यांसारखं मीही त्यांना अंकल आणि आंटी म्हणू लागले. अंकलची दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती. कडेचं थोडं दिसायचं, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नसे.

एके सकाळी आंटी एक पाकीट घेऊन आमच्या दारात आल्या. अंकलच्या पुतणीचं पत्र होतं, हाताने लिहिलेलं, आणि ते अक्षर आंटींना लागत नव्हतं. मी जाऊन वाचून दाखवलं. लँकशायरमधल्या त्यांच्या गिरणीच्या गावातला, त्यांच्या रस्त्यावरचा शेवटचा पब गेल्या महिन्यात पाडला, असं तिने लिहिलं होतं. सोबत फोटो होता. विटांचा ढीग, आणि पुढे लोखंडी जाळी.

अंकलनी मला फोटोत आणखी काय काय दिसतंय ते विचारलं. मागे धुराडं आहे का? नव्हतं. शेजारी काय आहे? टायरचं दुकान.

"म्हणजे आता एकही नाही," ते म्हणाले. "गिरणीच्या फाटकापासून कालव्यापर्यंत अकरा होते."

मी निघू शकले असते. पण त्यांनी बोलता बोलता सांगितलं की ते तरुणपणी सहा महिन्यांसाठी इथल्या जुरोंगच्या एका गिरणीत माग बसवायला आले आणि आंटींमुळे इथलेच झाले. मी इचलकरंजीची. माझे वडील यंत्रमागांवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. मी ते सांगितल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे धोटा मागातून बाहेर उडाला तर काय करायचे? मी म्हटलं, वडिलांच्या कपाळावर त्याची खूण होती. ते हसले, आणि आपली बाही सरकवून त्यांनी कोपराजवळची त्यांची खूण मला दाखवली.

त्याच दिवशी मी म्हणाले, तुम्ही सांगा, मी त्या रस्त्याचा नकाशा काढते.

मंगळवार आणि गुरुवार, सकाळी नऊ ते बारा, असं ठरलं. आंटी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून पिशवीत बांधलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायच्या आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर बसायचो. अंकल मला 'लव्ह' म्हणायचे. सुरुवातीला मी अवघडले, मग कळलं की त्यांच्या गावाकडे कुणाही बाईला तसंच म्हणतात, भाजीवालीलासुद्धा. ते डोळे मिटून चालल्यासारखं सांगायचे. फाटक, मग सायकली लावायची जागा, मग बोळ, मग पहिला पब. मी पावलं विचारायचे, ते पावलं सांगायचे. एकात कबुतरं पाळणाऱ्यांची बैठक भरे, एकात फक्त रंगखात्यातले कामगार जात, निळ्या नखांचे.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "दारूच्या दुकानांचा नकाशा? त्यासाठी शिकवलं का तुला?" मी तिला समजावायला गेले नाही. नवराही म्हणाला की त्यापेक्षा नोकरीचे अर्ज कर. अर्ज मी करतच होते. उत्तरं येत नव्हती.

पहिला आराखडा तयार झाला तेव्हा अडचण लक्षात आली. अंकलना तो दिसणार कसा? मग मी मोठ्या पुठ्ठ्यावर रस्त्यांच्या दोन्ही कडांवर गोंदाने जाड दोरा चिकटवला, कालव्याला दुपदरी सुतळी लावली आणि प्रत्येक पबवर एकेक शर्टाचं बटण. अंकल बोटाने फाटकापासून निघाले. कालव्याचं वळण मी उलटीकडे दाखवलं होतं, ते त्यांनी लगेच पकडलं. मग सातव्या आणि आठव्या बटणाच्या मधे त्यांचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"इथे 'स्टेप' होता," ते म्हणाले. "तो राहिला."

सांगताना त्यांनी अकरा म्हटले होते, पण नावं दहाच दिली होती. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. स्टेपला पाटीच नव्हती. ते एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं एक साधं घर होतं. पुढच्या खोलीत बिअर मिळायची, आणि दारापुढच्या उंच, झिजलेल्या पायरीवरून लोक त्याला 'द स्टेप' म्हणायचे. अंकलच्या वडिलांना पुरून आल्यावर सगळ्यांना चहा आणि सँडविच त्याच खोलीत दिली होती. अंकल तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

मी अकरावं बटण लावलं, नकाशा कागदावर नीट उतरवला आणि त्या गावच्या इतिहास मंडळाला ईमेलने पाठवला. मंडळाचं काम बघणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आठवड्याने आलं. नकाशा सुंदर आहे, त्यांनी लिहिलं, पण स्टेपची नोंद कुठेच सापडत नाही. जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशात तिथे फक्त घरं आहेत. वयोमानानं गोंधळ होत असावा. दहा पब दाखवून आम्ही तो आनंदाने छापू.

मी ते अंकलना जसंच्या तसं वाचून दाखवलं. शेवटची दोन वाक्यं गाळायला हवी होती, हे वाचून झाल्यावर सुचलं. ते म्हणाले, असेल, माझाच घोळ असेल. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी आधी पक्क्या सांगितलेल्या आणखी दोन जागांबद्दल शंका काढली. गुरुवारी डोकं दुखतंय म्हणाले आणि बसलेच नाहीत. आंटी मला दारापर्यंत सोडायला आल्या. त्या म्हणाल्या, रात्री विचारत होते, मग वडिलांना पुरून आल्यावर आम्ही गेलो कुठे?

मी घरी आले ती सरळ कंप्युटरपुढे बसले. त्या गावाचे रस्त्यावरून घेतलेले फोटो इंटरनेटवर बघता येत होते. पब गेले होते, पण ती घरांची ओळ अजून उभी होती. मी एकेक दर्शनी भिंत मोठी करून पाहिली. जुन्या इमारतींची मोजमापं घेणाऱ्याला भिंत वाचायची सवय असते. तिसऱ्या दिवशी सापडलं. ओळीतल्या सहाव्या घराला एकाच भिंतीत दोन दारांवरचे आडवे दगड होते, आणि त्यातलं एक दार विटांनी बुजवलेलं. विटा इतर भिंतीपेक्षा नव्या. खाली फुटपाथलगत, जिथे घराला काहीच असायचं कारण नाही, तिथे चौकोनी जागा सिमेंटने भरलेली. बिअरची पिंपं तळघरात सरकवायची झडप तेवढीच असते, हे मला अंकलनीच दुसऱ्या एका पबच्या वेळी सांगितलं होतं.

मी त्या भिंतीचं रेखाटन केलं, विटा मोजून अंदाजे मापं टाकली आणि शिक्षिकेला लिहिलं. नम्रपणे लिहिलं, पण माघार घेतली नाही. नोंद नाही याचा अर्थ जागा नव्हती असा होत नाही, आपण टेप घेऊन एकदा त्या घरी जावं, तळघर बघावं, मग आपण म्हणाल ते मी मानीन. उत्तर आलं नाही. दहा दिवसांनी पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा. नवरा म्हणाला, आता जाऊ दे. मी म्हटलं, नाही.

तिसऱ्या पत्राला त्यांनी एका ओळीत कळवलं की शनिवारी जाते.

त्या शनिवारी आमच्याकडे संध्याकाळ होती. व्हिडिओ कॉल लावून मी लॅपटॉप अंकलच्या टेबलावर ठेवला. शिक्षिका त्या घराच्या तळघरात उभ्या होत्या, घरमालक मागे टॉर्च धरून. मी अंकलना दिसतंय ते सांगत होते. भिंतीलगत दोन दगडी ओटे होते, वर रंगाचे डबे आणि एक मोडकी सायकल.

"पिंपं ठेवायचे ओटे आहेत," शिक्षिका म्हणाल्या. "घरात असले ओटे कुणी बांधत नाही."

अंकल पुढे झुकले. "डावीकडचा बुटका असेल बघा. बसायला सोपा म्हणून आमचे वडील मदतीला गेले की तिथेच बसत."

पलीकडे टेप उघडल्याचा आवाज आला. "चार इंचांनी बुटका आहे," शिक्षिका म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "तुमची माफी मागते."

अंकलनी मान हलवली. माफीचं त्यांना फारसं काही नसावं. ते आंटींना म्हणाले, "खरंच होतं बघ." आंटी वाक्याला इथला 'लाह' जोडत म्हणाल्या, "मी कधी नाही म्हटलं, लाह?" आणि चहा ठेवायला उठल्या.

नकाशा तिथल्या लायब्ररीत लागला, अकरा पबचा. पुढे त्या शिक्षिकेला तिघाचौघांनी सांगितलं की आमच्याही घरची माणसं स्टेपमध्ये जायची, पण कुणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षांनी ती ओळही पाडली. ते थांबवणं आमच्या हातात नव्हतं. पण त्याआधी शिक्षिकेने आणि मी, त्या तिकडून आणि मी इकडून, सगळ्या ओळीची मापं कागदावर आणली होती.

मधल्या काळात आम्ही बुकित पंजांगला राहायला गेलो. मला अर्धवेळ नोकरीही लागली, पण गुरुवार मी मोकळा मागून घेतला. एलआरटीची छोटी गाडी, मग एमआरटीची मेट्रो, मग बस, असं सव्वा तास करून मी सकाळी मरीन परेडला पोचायचे. आता आम्ही कालव्यापलीकडचा रस्ता काढायला घेतला होता, आणि तिथले नऊ पब बाकी होते. अंकलना आता कडेचंही फारसं दिसत नव्हतं, म्हणून मी दोरा अधिक जाड लावू लागले होते.