ब्रेक लागत नाही, असं मी लिहून दिलं

"ब्रेकच लागत नाही याचा," असं म्हणत मी चौथ्यांदा भिंतीत घुसले.

समोर भला मोठा टीव्ही. हातात खरं स्टिअरिंग, पायाशी खरे पेडल, बसायला मात्र ऑफिसची चाकाची खुर्ची. टीव्हीतली लाल गाडी वळण सोडून सरळ गेली आणि आपटली. स्टिअरिंग हातात थरथरलं. मागे उभे असलेले दोन पोट्टे फिसकन हसले. मी वळून पाहिलं, तर दोघेही छताकडे पाहत होते.

मी ड्रायव्हिंग शिकवते. सव्वीस वर्षं झाली. नागपुरात माझं छोटं ड्रायव्हिंग स्कूल आहे: एक गाडी, एक बोर्ड आणि मी. आमच्या अर्ध्या वस्तीला क्लच सोडायला मीच शिकवलं. गेम मात्र मी जन्मात खेळले नव्हते. मला तिथे नेलं सारंगनं. अठराव्या वर्षी तो माझ्याकडे शिकला, महिनाभर चौकाचौकात गाडी बंद पाडली, आणि आता प्रतापनगरात त्याचा स्वतःचा गेम स्टुडिओ आहे. बंगळुरूच्या एका कंपनीसाठी ते कार रेसिंगचा गेम बनवत होते. कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या डब्यावर खेळायचा.

"मेश्राम मॅडम, तुम्ही फक्त खेळा अन् मार्क द्या," सारंग म्हणाला होता. "गाडी तुमच्याइतकी कोणाले समजते नागपुरात?"

अशा बोलण्याला माणूस फसतोच. मीही फसले.

फॉर्मवर दोन रकाने होते. एक रिअलिझम, म्हणजे गाडी खऱ्यासारखी वाटते का. दुसरा मजा. दोन्ही दहापैकी. पहिल्या दिवशी मी आधी इंडिकेटर शोधला. नव्हता. हॉर्न शोधला. तोही नव्हता.

"मॅडम, रेस आहे ही," स्टुडिओतले ते पोट्टे म्हणाले.

"रेस असली म्हणून काय झालं? मागच्याले कसं समजन तुम्ही कुठं वळून राहिले ते?"

बाकी काम मात्र झकास होतं, हे मान्य करते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रडते तशी ती रडायची. रस्ता उखडलेला असला की हाताला कळायचं. सगळं बरोबर, फक्त ब्रेक नाही. वळण दिसलं की माझा पाय ब्रेकवर जायचा आणि तरी गाडी भिंतीत. मी लिहिलं, रिअलिझम तीन, ब्रेक उशिरा लागतो. मजेचा रकाना रिकामा सोडला. भिंतीवर आपटण्यात कसली आली बाप्पा मजा!

तो ब्रेक प्रज्वलचा होता. गेममधली गाडी कुठे घसरेल, किती अंतरात थांबेल हे ठरवणाऱ्या भागाला हे लोक फिजिक्स म्हणतात. प्रज्वल फिजिक्सवाला. तिशीचा, किडकिडीत, कन्हानहून रोज बसनं यायचा. दोन वर्षं त्यानं ह्या एकाच गोष्टीवर घालवली होती. माझा फॉर्म वाचून त्याचा चेहरा उतरला, पण तो भांडला नाही. त्यानं लॅपटॉप माझ्यासमोर आणला. स्क्रीनवर एक वाकडीतिकडी रेघ होती.

"मॅडम, हा तुमचा ब्रेक. इथं तुम्ही पाय ठेवला. पेडल दोन टक्के दबलं. मग अर्धा सेकंद काहीच नाही. अन् मग एकदम पूर्ण दाबलं."

"म्हणजे मी उशिरा दाबून राहिली म्हणतोस?"

"नाही जी. मशीन तसं दाखवून राहिली."

"मशीन चुकते मग. मी पाय वेळेवर ठेवते, गाडी थांबत नाही. तुले गाडी येते का?"

तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "नाही येत जी."

हे सारंगनं ऐकलं आणि तो भडकलाच. "गाडी येत नाही अन् सव्वीस वर्षंवालीले ब्रेक शिकवतोस! बदल ते."

मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

मग सुरू झाला गोंधळ. प्रज्वलनं ब्रेक कडक केला आणि नवी बिल्ड दिली, म्हणजे गेमची सुधारलेली प्रत. मी खेळले. आता गाडी भिंतीच्या अलीकडे थांबायची, पण अशी गचकन, की चहा हातात असता तर छातीवर आला असता. मी लिहिलं, खरी गाडी अशी थांबत नाही. रिअलिझम तीन. त्याच आठवड्यात कॉलेजची पोरं खेळून गेली. जुन्या ब्रेकला त्यांनी आठ दिले होते, नव्याला चार. एकानं लिहिलं, 'यापेक्षा ट्रॅक्टर बरा.' प्रज्वलनं ब्रेक थोडा सैल केला. मी पुन्हा भिंतीत. थोडा कडक केला. पुन्हा गचका. तीन आठवडे हेच.

मला काही उमजेना. रस्त्यावर माझ्या हातून सव्वीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही आणि इथे दिवसाला वीस अपघात. पोरांना बरोबर वाटतं ते मला चूक, मला चूक वाटतं ते दुरुस्त केलं की सगळ्यांनाच चूक. घरी पोळ्या लाटताना पण माझा उजवा पाय फरशी दाबत होता. नवरा म्हणाला, "त्यात काय नवीन? भिवापूरला भाचीच्या लग्नाले गेलो, तवा गाडी मी चालवून राहिलो होतो अन् रस्ताभर तू बाजूच्या सीटवर बसून पायानं गाडीचा तळ दाबून राहिली होती." मी त्याला म्हटलं, गुमान जेव.

शेवटी सारंगनं सगळ्यांसमोर सांगितलं. शुक्रवारी बंगळुरूवाल्यांबरोबर मीटिंग आहे. तोवर मॅडमचे मार्क वर नाही गेले, तर फिजिक्स बाहेरून रेडीमेड घ्यायचं. रेडीमेड घेतलं की प्रज्वलला तिथे काही कामच उरत नव्हतं. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. प्रज्वलनं फक्त पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

सोमवारी सकाळी तो माझ्या स्कूलच्या दारात उभा.

"मॅडम, मले गाडी शिकवा."

"आता काहून?"

"सर म्हणतात ज्याले गाडी येत नाही त्यानं ब्रेक लिहू नये. बरोबरच आहे. जाता जाता पाहून तर घेतो, खरा ब्रेक कसा लागते ते."

लर्निंग लायसन्स होतं त्याच्याकडे. तिसऱ्यांदा काढलेलं, आणि तिन्ही वेळा गाडीला हात न लावलेलं. मी त्याला बसवलं.

आता माझी गाडी कशी आहे ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे. शिकवायच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, क्लच आणि ब्रेक आणखी एकदा असतात. शिकणारा चुकला तर आपण ब्रेक दाबायचा. माझ्या गाडीत दोन्ही ब्रेक एका दांड्यानं जोडलेले आहेत. त्यानं दाबला की माझाही खाली जातो.

चौथ्या दिवशी मी प्रत्येक शिकाऊला इतवारी बाजाराच्या तोंडाशी नेते. आत नाही, तोंडाशीच. हातगाड्या, टेम्पो, कापडाचे गठ्ठे घेतलेली माणसं, सगळं एकदम अंगावर येतं. माणूस ब्रेक तिथे शिकतो. गुरुवारी प्रज्वलला तिथे नेलं. पहिल्याच गल्लीतून स्टीलच्या भांड्यांनी भरलेली हातगाडी खडखडत पुढे आली. माझा पाय ब्रेकवर गेला. आणि पायाखालचं पेडल आपसूक खाली गेलं. प्रज्वलनं दाबलं होतं. गाडी हातगाडीच्या चांगली हातभर अलीकडे थांबली.

"शाबास," मी म्हटलं. आणि मग खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

पाय ब्रेकवर होता, पण मी तो दाबला नव्हता. मी वाट पाहत होते. पेडल स्वतःहून खाली जातं का, याची. गेलं तर पोरगा शिकला, नाही गेलं तर मग मी दाबायचं. सव्वीस वर्षं हेच माझं काम. शिकणाऱ्याला तेवढी संधी दिली नाही तर तो कधीच शिकत नाही. बाकी माझं येणं-जाणं सगळं स्कूटीवर. गाडीत मी उजवीकडे बसून कितीसं चालवलं असेल?

दोन टक्के. मग अर्धा सेकंद काहीच नाही. टीव्हीसमोरच्या त्या खुर्चीवर बसूनही मी शेजारच्याची वाट पाहत होते, आणि शेजारी कोणी नव्हतंच.

"गाडी बाजूले घे," मी म्हटलं.

त्यानं घेतली. "काही चुकलं का जी माझं?"

"तुझं नाही गा. माझं चुकलं." मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, पोरगा हसेल. तो नाही हसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत राहिला.

"तीन आठवडे झाले मॅडम," तो म्हणाला. "मले वाटून राहिलं होतं मले काहीच येत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवून शिव्या देत होता. त्याला म्हटलं, दे बाबा, आज दे.

शुक्रवारी मीटिंगच्या तासभर आधी मी सारंगसमोर उभी राहिले.

"काहीही काय मॅडम?" तो म्हणाला. "तुम्ही कशा चुकाल? सव्वीस वर्षं..."

"सव्वीस वर्षं झाली म्हणूनच चुकली. याची पहिली बिल्ड लाव. कडक-सैल केलेली नाही, पहिली."

लावली. पहिलं वळण. पाय ब्रेकवर जाऊन बसला, आणि मी थेट भिंतीत. सारंगनं माझ्याकडे पाहिलं, मग प्रज्वलकडे. मी खुर्ची पुढे ओढली. ज्याला मी 'मशीन चुकते' म्हटलं, त्याची नोकरी ह्या पायावर लटकली होती आणि पाय माझं ऐकत नव्हता.

दुसऱ्या वळणाला मी मोठ्यानं म्हटलं, "बाजूले कोणी नाही." आणि दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, अंग थोडं झुकलं आणि ती अलगद वळली. पुढच्या वळणाला पुन्हा, "बाजूले कोणी नाही." पुन्हा वळली. पोट्टे यावेळी हसले नाहीत. तीन फेऱ्या मारल्या. एकदाही आपटले नाही.

मी नवा फॉर्म मागितला. रिअलिझम आठ. एक इंडिकेटरचा कापला, एक हॉर्नचा. खाली कारण लिहिलं: आधीच्या सर्व फॉर्मांत चूक परीक्षकाची होती, ब्रेकची नाही. सही केली. सारंगनं तो कागद दोनदा वाचला आणि प्रज्वलला म्हणाला, "चल मीटिंगमध्ये. तूच समजावून सांग त्यांले."

मजेच्या रकान्यात मी दहा लिहिले. पोट्ट्यांनी विचारलं, एवढे काहून? मी म्हटलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गाडी मी एकटीनं चालवली.

प्रज्वलचं फिजिक्स राहिलं आणि प्रज्वलही. आता कोणी मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं, तर मी आधीच सांगते: किती वर्षं झाली ते विचारू नका, मी कोणत्या सीटवर बसते ते विचारा.

लायसन्सच्या टेस्टमध्ये प्रज्वल पहिल्यांदा नापास झाला. ब्रेकला नाही, रिव्हर्सला. म्हणाला, "मॅडम, रेसमध्ये रिव्हर्स कोणी घेतच नाही." मी म्हटलं, मग चल, बस गाडीत.